गाण्यातला हात

वडिलांनी गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली, गळ्यावरच्या फेसात वस्तरा टेकवला, आणि नेमकी तेव्हाच आरशात त्यांना दारात उभी राहिलेली मुलगी दिसली. हात थांबला नाही. वस्तरा अलगद वर सरकत हनुवटीपर्यंत आला, मनगटावरच्या कागदाला पुसला गेला आणि पुन्हा खाली गेला. एक गाल पुरा झाल्यावर ते आरशातच बघत म्हणाले,

"बस बाकावर. झालंच माझं."

ती बसली. बसायला जागा शोधावी लागली नाही हे बसल्यावर लक्षात आलं. शाळा उघडण्याच्या आधीच्या आठवड्यात हा बाक कसा असायचा ते तिला पाठ होतं. आयांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर धाकटी पोरं. कुणी मशीनच्या आवाजालाच भोकाड पसरायचं, कुणी कापले जातील म्हणून दोन्ही कान मुठीत धरून बसायचं. वडील खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकायचे, पोराला उचलून तिच्यावर बसवायचे आणि वाकून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. काय ते कुणाला कधी कळलं नाही, पण पोर गप्प व्हायचं. ती फळी आता कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते.

खुर्चीतले गृहस्थ म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. बोलायला लागले की दाढीचा फेस वाळायचा, अशी त्यांची ख्याती. आज तेही गप्प होते. दाढी झाली, तोंड पुसून झालं, तेव्हा उठता उठता ते तिला म्हणाले, "ऐकतो हं आम्ही तुला." मग पुढे काय म्हणावं ते सुचेना. "आम्ही म्हणजे, नात ऐकते," असं म्हणून त्यांनी चष्मा चढवला आणि घाईने बाहेर पडले.

"यांनी एक दिवस चुकवला नाही," वडील वस्तरा धुता धुता म्हणाले.

बाकीच्यांचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. त्याबद्दलच तर बोलायला ती आली होती.

घरात तिला सगळे पिपाणी म्हणत. जन्मली तेव्हा आवाज असा लागला होता म्हणे, की शेजारच्यांना वाटलं कुणी खेळणं वाजवतंय. बाहेरच्या जगात तिला दुसरं नाव होतं आणि ते आता भिंतींवरच्या कागदांवर मोठ्या अक्षरांत छापलं जात होतं. ती एकटीच गायची. मागे वादक नाहीत, साथीला कुणी नाही. एक गिटार, एक उंच स्टूल आणि ती. स्वतःच लिहायची, स्वतःच चाल बांधायची. बरीच वर्षं कुणी विचारलं नाही. मग मागच्या वर्षी ते गाणं आलं, आणि ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ते वाजायला लागलं.

बालपण मागे टाकून निघालेल्या मुलीचं गाणं होतं. त्यात अंधारी खोली होती, बाहेरून लावलेली कडी होती, आणि प्रत्येक कडव्यानंतर परत येणाऱ्या दोन ओळी होत्या:

*दार लावलं मागचं, किल्ली फेकली पाण्यात,*
*बाबा, तुमचा हात नाही आता माझ्या गाण्यात.*

लोकांना त्या ओळी लागल्या. बायका कार्यक्रम संपल्यावर तिचे हात धरून रडायच्या; आमच्याही घरी असंच होतं, म्हणायच्या. मुलाखती झाल्या. एका मुलाखतीत विचारलं गेलं, की हे तुमचं स्वतःचं आहे का. तिने उत्तर दिलं नाही. खाली बघितलं, गिटारची एक तार बोटाने नुसती दाबली, आवाज न करता. त्या गप्प बसण्याने जे सांगितलं ते बोलून सांगता आलं नसतं. पुढचा प्रश्न आईबद्दल होता आणि त्याला मात्र तिने भरभरून उत्तर दिलं. आई शाळेत गाणं शिकवायची. आज मी जी काही आहे ती आईमुळे.

तेही खोटं नव्हतं. गाणं आईनेच दिलं होतं. रोज संध्याकाळी, शाळेतून आल्यावर, मधल्या खोलीत उभं करून. सूर हलला की पोटरीवर लाकडी पट्टी बसायची. दुसऱ्यांदा हलला की हातावर, आणि तिसऱ्यांदा हलला की दंडाला धरून अडगळीच्या खोलीत, आणि बाहेरून कडी. रडणं थांबून आतून सूर नीट लागेपर्यंत दार उघडायचं नाही. मग दार उघडलं की आई तिला पोटाशी धरायची, केस कुरवाळायची, आणि म्हणायची की तुझ्या गळ्यात जे आहे ते माझ्या शाळेत एकाही पोरीच्या गळ्यात नाही. त्या वाक्यासाठी पिपाणीने त्या खोलीतली सगळी गाणी म्हटली होती.

गाणं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा तिने लिहिलं होतं, *आई, तुझा हात नाही.* आई जाऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. कागदावर ते बसलं. म्हणायला गेली तर गळा मिटला. पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा तेच. मग तिने तोंडाला येईल ते म्हटलं, आणि तोंडाला आलं 'बाबा'. किती सहज आलं, याचं तेव्हा तिला नवलही वाटलं नाही. पुढे वाटलं. बाबा म्हणजे सलूनवाले. ज्यांच्या शर्टाच्या कॉलरमध्ये नेहमी दुसऱ्यांचे केस असायचे, ज्यांच्या अंगाला साबणाचा आणि स्वस्त पावडरीचा वास यायचा, ज्यांना ती शाळेच्या फाटकापाशी बघून दुसऱ्या दाराने निघून जायची. ज्याची आपल्याला लाज वाटते त्याच्या डोक्यावर खापर फोडायला हाताला जोर लागत नाही.

एवढं सगळं तिला कळत होतं. तरी ती आली नसती. पण आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आई गेल्यापासून भावाचं घर तीच सांभाळत होती. तिने फोनवर प्रस्तावना केली नाही. पोरांच्या आया सलूनची पायरी चढत नाहीत, म्हणाली. आधी एक आली नाही, मग दुसरी, मग वाऱ्यासारखी गोष्ट पसरली. कोण म्हणतं, बघा, वरून किती गरीब दिसतो. कोण म्हणतं, आपण आपल्या लेकरांची मान याच्या हातात देत होतो. तुझा बाप मात्र तोंडातून शब्द काढत नाही. कुणी विचारलंच तर हसून सांगतो, खरंच आहे की, तिच्या गाण्यात माझा काय हात? गाणं आईने शिकवलं. लोक हसतात आणि समोरच्या दुकानात जातात.

"तुला शाळेने बोलावलंय म्हणे," आत्या शेवटी म्हणाली. "ये. ये आणि एकदा त्याच्या तोंडाकडे बघ."

शाळेने बोलावलं होतं हे खरं होतं. गायनाच्या वर्गाला आईचं नाव द्यायचं होतं आणि तो समारंभ मुलीच्या हातून व्हावा अशी मुख्याध्यापिकेची इच्छा होती. पिपाणीने पहिल्यांदा तारखा जुळत नाहीत असं कळवलं होतं. आत्याच्या फोननंतर जुळल्या.

आता ती सलूनच्या बाकावर बसली होती आणि वडील खुर्चीची मान खाली पाडून तिच्यावरचे केस झटकत होते. दुकान तेच. आरशाच्या खालच्या कडेला पाऱ्याचे डाग वाढले होते, एवढंच. तिने घसा साफ केला.

"बाबा, ते गाणं..."

"चाल चांगली आहे," ते लगेच म्हणाले. "वरच्या पट्टीत जातेस तिथे जरा आवाज पातळ होतो. पण चांगली आहे."

"तसं नाही. मला म्हणायचंय..."

दारात सावली पडली. एक बाई होती, हाताशी लहान मुलगी, डोळ्यांवर झिपऱ्या आलेली. बाईने आधी वडिलांकडे बघितलं, मग बाकाकडे, आणि तिला ओळख पटली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती मुलीला पुढून मागे घेत म्हणाली, गर्दी असेल तर नंतर येते. दुकानात गर्दी म्हणजे बाप आणि लेक. वडील म्हणाले, बरं. त्यांनी हातातला टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला.

पिपाणीला जे म्हणायचं होतं ते तसंच राहिलं.

दुपारी जेवताना आत्याने तिला ताटावरच गाठलं. वडील हात धुवायला उठले होते.

"एक विचारते," आत्या हळू आवाजात म्हणाली. "मी याला हाफपँटीत असल्यापासून ओळखते. झुरळ मारायचं तर याला दुसऱ्याला बोलवावं लागायचं. याने तुझ्यावर हात उगारला?"

समोरच्या भिंतीवर आईचा फोटो होता. शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमातला; मुलींच्या रांगेपुढे दोन्ही हात वर उचलून ती ताल देत होती. पिपाणीने फोटोवरून नजर काढून ताटाकडे वळवली.

"नाही," ती म्हणाली.

"मग कोणी?"

पिपाणीने भात कालवायला घेतला. आत्या तिच्याकडे बघत राहिली. ती बाई हुशार होती. आपल्या वहिनीचं कौतुक करून तिची जीभ कधी दमली नव्हती, पण आता तिनेही फोटोकडे एकदा बघितलं आणि नजर लगेच मागे घेतली, जशी चटका बसल्यावर बोटं घ्यावीत.

"चोर कोण ते मला माहीत नाही," ती उठता उठता म्हणाली, "आणि आता या वयात माहीत करून घ्यायचंही नाही. पण संन्याशाला फाशी दिलीस तू. एवढं बघ."

दुसऱ्या दिवशी शाळेचं सभागृह भरलं होतं. पुढे मुलं जमिनीवर, मागे खुर्च्यांवर मोठी माणसं. गायनवर्गाच्या दारावर नवी पाटी लागली होती. पडदा बाजूला करताना पिपाणी मधेच थांबली आणि ती भावनेने थांबली असं समजून मुख्याध्यापिकेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुख्याध्यापिका आईचीच विद्यार्थिनी. भाषणात तिने सांगितलं, की बाईंनी आमच्यावर कधी हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवला नाही. सूर चुकला तर बाई फक्त डोळे मिटून घ्यायच्या, आणि आम्हाला त्याचंच वाईट वाटायचं. सभागृहातल्या कितीतरी बायकांनी माना डोलावल्या. पिपाणी मंचावर बसून ऐकत होती. यातला एकही शब्द खोटा नाही हे तिला दिसत होतं. एकच बाई, शाळेत डोळे मिटून घ्यायची आणि घरी येऊन उघडायची.

वडील शेवटच्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. आत्या गुडघ्यांमुळे आली नव्हती. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि तरी माणसं भिंतीला टेकून उभी होती.

तिने शाळेची जुनी दोन गाणी म्हटली, आईनेच चाल लावलेली. मग पुढच्या रांगेतली मुलं गलका करायला लागली. त्यांना ते गाणं हवं होतं. मुख्याध्यापिका जरा अवघडली, पण हसून तिनेही मान हलवली. एका मुलीने तर पहिली ओळ सुरूही केली आणि बाकीच्यांनी ती उचलली. एवढीएवढी पोरं, ज्यांच्या घरच्यांनी त्यांना कधी उंबऱ्याबाहेर एकटं सोडलं नसेल, ती मनापासून म्हणत होती, दार लावलं मागचं. दुसरी ओळ आली तेव्हा शेवटच्या रांगेकडे मागे वळून बघणारी डोकी तिला मंचावरून स्पष्ट दिसली. एक, मग शेजारचं, मग सगळी ओळच. वडील समोर बघत होते, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसल्यावर बघतात तसे.

तिने हात वर केला. मुलं थांबली.

"हे गाणं मी आज म्हणणार नाही," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज अगदी कोरडा आला. "त्यात एक शब्द चुकीचा आहे. माझ्या वडिलांनी माझ्यावर कधीही हात उगारला नाही. एकदाही नाही. तो शब्द मी घातला कारण तो म्हणायला सोपा गेला. चूक त्यांची नाही, माझी आहे."

सभागृहात कुणीतरी खोकलं. मग मुख्याध्यापिकेने टाळी वाजवली, बहुतेक शांतता सहन न होऊन, आणि तिच्यामागून सगळ्यांनी. टाळ्या वाढत गेल्या. पिपाणी स्टुलावर बसून राहिली. तोंड लपवायची वेळ होती आणि लोक तिला शाबासकी देत होते. आपण खोटं बोललो हे तिने कबूल केलं, तर तिचं मन किती मोठं असं म्हणत होते. कान लाल झाल्याचं तिला जाणवलं. चोर तो चोर वर शिरजोर, एवढंच तिच्या मनात आलं. दुसरा शब्द कोणता असायला हवा होता, हे कुणी विचारलं नाही. कवितेत शब्द चुकतात, एवढं सगळ्यांना पटलं.

खाली उतरून ती मागे गेली तोवर वडिलांभोवती कोंडाळं झालं होतं. लोक त्यांचा हात हातात घेत होते. पोस्टमास्तर तर सगळ्यांना सांगत होते, मी काय म्हणत होतो, मी काय म्हणत होतो. वडील मान खाली घालून उभे होते. कॉपी करून पास झालेल्या मुलाचा निकाल चारचौघांत वाचला जावा, तसे. लाजाळू माणूस, तिला वाटलं. घरी येतानाही ते दोन पावलं मागेच राहिले. आत्याला कुणीतरी आधीच फोन केला होता. तिने पिपाणीच्या पाठीवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आली.

सकाळी ती बॅग घेऊन सलूनपाशी आली तेव्हा बाक भरला होता. इतका, की दोघीजणी पायरीवर बसल्या होत्या. फळीवरचे टॉवेल गेले होते आणि तिच्यावर परवाचीच ती झिपरी मुलगी डोळे घट्ट मिटून बसली होती. वडील तिच्या कपाळावरचे केस ओल्या कंगव्याने खाली ओढत होते. तिची आई पिपाणीकडे बघून ओशाळवाणं हसली. पिपाणीलाही हसू आलं. कितीतरी महिन्यांनी तिला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला. झालं, तिच्या मनात आलं. एवढंच होतं. आधीच करायला हवं होतं.

वडिलांनी कात्री खाली ठेवली. बाकावरच्यांना म्हणाले, हिला बसवून देतो, आलोच. कुणी कुरकुर केली नाही. त्यांनी तिची बॅग उचलली. ती नको म्हणत असतानाच ते चालायला लागले.

बसथांबा बाजाराच्या मागे होता. दुकानं नुकतीच उघडत होती; कुणी फरशी धूत होतं, कुणी शटर अर्ध्यावर अडकलं म्हणून खालून लाथ मारत होतं. येणारे जाणारे वडिलांना आज मान देत होते आणि ते प्रत्येकाला हात वर करून उत्तर देत होते, पण चाल मंदावत होती. थांब्यावर कुणी नव्हतं. त्यांनी बॅग बाकड्यावर ठेवली आणि स्वतः उभेच राहिले.

"काल कशाला बोललीस तसं," ते म्हणाले.

तिला वाटलं, नीट ऐकू आलं नाही.

"खरं तेच बोलले, बाबा. लोक तुम्हाला काय काय..."

"लोकांचं सोड." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. बस दिसत नव्हती. "हात उगारला नाही मी. खरं आहे. पण हात होता ना मला."

ती बॅगेशेजारी बसली.

"कडी बाहेरून होती," ते म्हणाले. "मी बाहेरच असायचो. दुकान मिटवून आलो की आतून तुझा आवाज यायचा. ती स्वयंपाकघरात असायची. मधे दार, आणि दारापाशी मी. कितीदा वाटायचं काढावी. नुसती वर उचलायची होती, ती काही कुलूप नव्हतं. म्हणायचो, ती शिकलेली आहे, तिला गाण्यातलं कळतं, मला काय कळतं. पोरीचं भलं होतंय तर मधे पडू नये. मग तुझा सूर लागायचा, ती येऊन दार उघडायची, तुला पोटाशी घ्यायची. आणि मी तोवर मागच्या दाराने जाऊन पुन्हा पुढच्या दाराने यायचो. आत्ताच आल्यासारखा."

त्यांनी शर्टाच्या बाहीवर चिकटलेला एक केस बोटांनी उचलला आणि सोडून दिला.

"गाणं आलं तेव्हा मी दुकानातच होतो. रेडिओवर. बाबा, तुमचा हात. मी म्हटलं, हिला माहीत होतं तर. सगळी वर्षं मला वाटलं, कुणालाच माहीत नाही. लोक यायचे बंद झाले तर बरंच वाटलं एका परीने. काहीतरी भरपाई होतेय. आणि काल तू सगळ्यांसमोर सांगितलंस, याची काही चूक नाही." ते थोडं हसले, पण ते हसणं ओठांपलीकडे गेलं नाही. "आता सगळे येऊन हात धरतात माझा."

बाजाराच्या टोकाला बस वळताना दिसली. पिपाणीच्या तोंडात वाक्य तयार होतं. तो शब्द तुमच्यासाठी नव्हताच, बाबा. मला तिथे आई म्हणवलं नाही, म्हणून तुमचं नाव आलं. तुम्ही बाहेर उभे आहात हे मला कधी माहीतच नव्हतं. हे वाक्य खरं होतं, आणि काल खरं बोलल्याची तिला आज सकाळी इतकी धन्यता वाटली होती, की तिची तिलाच आता शिसारी आली.

त्या खोलीत दाराखालच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत यायची. कधीकधी ती मधेच तुटायची. पलीकडे कुणीतरी येऊन उभं राहिलं की दोन पायांची सावली पडायची आणि बराच वेळ तिथेच राहायची. ती आई आहे असं तिने धरलं होतं. त्या पायांना ऐकू जावं म्हणून ती हुंदका गिळायची आणि सूर सरळ धरायची.

"तुला कळायचं का गं," वडिलांनी विचारलं. आवाज इतका खाली होता की बसच्या आवाजात तो जवळजवळ बुडाला. "मी बाहेर आहे ते?"

बस येऊन थांबली. दार उघडलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. बॅगेचा पट्टा सरळ करत होते.

"कळायचं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. एकदा, मग सावकाश पुन्हा एकदा, जसं कुणी बऱ्याच दिवसांनी आपलंच नाव पुकारलं गेल्यावर हलवावी. मग त्यांनी बॅग उचलून आत चढवली, तिला चढू दिलं आणि दार लागेपर्यंत बाजूला होऊन उभे राहिले.

बस निघाली तेव्हा ते दुकानाच्या दिशेने वळले नव्हते. रस्त्याच्या कडेला, दोन्ही हात बाजूला सोडून, ते अजून तिथेच उभे होते.